गेम, मैदान आणि टीव्ही यांची तुलना घरच्या घरी कशी करावी

घरात बारा-तेरा वर्षांचे मूल असले की "तो गेम बंद कर आणि खाली खेळायला जा" हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी उच्चारले जाते, आणि ते उच्चारताना आपण मनात एक तुलना केव्हाच करून टाकलेली असते. मैदानावरचा खेळ चांगला, व्हिडिओ गेम वाईट, आणि टीव्हीवरचा सामना चालण्यासारखा, कारण तो सगळे घर मिळून पाहते. परळच्या आमच्या घरात मीही कित्येक वर्षे हाच हिशेब धरून बसलो होतो. एका सोमवारी मुलाने विचारले, "बाबा, काल तू साडेतीन तास मॅच बघितलीस आणि मी पाऊण तास गेम खेळलो, मग ओरडा मलाच का?" या प्रश्नाला माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी पुढे तीन महिने मी एक वही ठेवली आणि तिच्यातून तुलनेची जी रीत हाती आली, ती कोणत्याही घराला वापरता येईल अशी असल्यामुळे येथे सविस्तर मांडत आहे.

या रीतीचा गाभा असा की तुलना खेळाच्या नावाची करू नये, त्यात गेलेल्या तासाची करावी. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ही गोष्ट मुंबईतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या भागीदारीच्या काळात पुढचे फलंदाज, तेरा वर्षांचे अमोल मुझुमदार, पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसून होते आणि ती पाळी आलीच नाही. वहीत तिघांच्याही नावापुढे "क्रिकेट" एवढेच लिहिले असते, तर दोन मुलांनी धावून काढलेले तास आणि तिसऱ्याने बसून काढलेले तास एकाच मापात पडले असते. पण ते बसणे वाया गेले असेही म्हणवत नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच २६० धावा करणारे आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून उभे असलेले मुझुमदार तेच आहेत. शरीर स्वस्थ असताना लक्ष कुठे होते, हा प्रश्न शरीराच्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि आपल्या तुलना बहुतेक वेळा बिघडतात त्या हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळेच.

वही कशी आखावी

दोनशे पानी साधी वही पुरते. करमणुकीची प्रत्येक बैठक सुरू केव्हा झाली आणि संपली केव्हा, हे लिहून त्यापुढे पाच रकाने ठेवावेत. पहिल्या रकान्यात शरीर किती हलले, दुसऱ्यात निर्णय कोणाचे होते, तिसऱ्यात सोबत कोण होते, चौथ्यात बैठक कोणी किंवा कशाने थांबवली, आणि शेवटच्यात उठल्यावर मूल कशाविषयी बोलले, हे लिहावे. हा पाचवा रकाना मी सुरुवातीला ठेवला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात वाढवला, आणि पुढे तोच सर्वांत बोलका ठरला. नोंदी निदान एक रविवार धरून पूर्ण आठवड्याच्या असाव्यात, कारण शाळेच्या दिवसांवरून सुटीचा अंदाज बांधता येत नाही. वहीत घरातल्या सगळ्यांचे तास यावेत. मुलाचे तेवढे लिहिले, तर ती वही त्याला आरोपपत्रासारखी वाटते आणि मग तो खरे सांगत नाही. आजीची मालिका, आईचे फोनवर छोटे व्हिडिओ पाहणे, बाबाचा सामना, हे सर्व त्याच शाईने लिहिले गेले पाहिजे.

फोनवरचा वेळ अंदाजाने लिहू नये. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये "डिजिटल वेलबीइंग" आणि आयफोनमध्ये "स्क्रीन टाइम" या नावाखाली प्रत्येक ॲपवर किती मिनिटे गेली हे वेगवेगळे दिसते. ते पाहूनच मला पहिला धक्का बसला. मुलगा रविवारी "दोन तास गेमवर" होता असे मी लिहिले होते. त्यातली प्रत्यक्ष गेमची मिनिटे पन्नासही नव्हती. उरलेला वेळ तो यूट्यूबवर दुसरे कोणीतरी तोच गेम खेळत असल्याचे व्हिडिओ पाहत होता. म्हणजे मी ज्याला गेम म्हणून रागावत होतो, त्यातला मोठा भाग माझ्या सामना पाहण्याच्याच जातीचा होता. गेम खेळणे आणि गेम पाहणे या दोन नोंदी अगदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

शरीराचा रकाना

येथे अंदाजाची गरज नाही, मोजमाप उपलब्ध आहे. शांत बसलेल्या माणसाचे शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिला १ मेट धरतात, आणि बसून किंवा रेलून केलेले जे काम १.५ मेटच्या आत राहते त्याला बैठे म्हणतात. प्रौढांच्या मोजणीत टीव्ही पाहणे सुमारे १.३ वर येते आणि खुर्चीत बसून गेम खेळणेही साधारण त्याच पातळीवर राहते, क्रिकेट ४.८ च्या आसपास आणि मजेखातर खेळलेला फुटबॉल ७ च्या आसपास. मुलांचे आकडे नेमके हेच नसतात, पण त्यांचा क्रम असाच राहतो. उभे राहून हातपाय हलवायला लावणारे गेम, म्हणजे २००६ च्या "निन्टेन्डो वी" या गेम-यंत्रापासून रुळलेली परंपरा, हलक्या खेळात २.३ आणि जोराच्या खेळात ७ च्याही पुढे जातात. मात्र दहा बाय बाराच्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्या मध्ये उभे राहून ते कितपत खेळता येतील, हे आपल्या घराकडे पाहूनच ठरवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल मिळावी आणि आठवड्यातले निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम घडावा. या साठ मिनिटांची भरपाई कोणताही बैठा गेम करू शकत नाही, हे निःसंदिग्धपणे लिहून ठेवावे. परंतु त्याच ओळीखाली हेही लिहावे की या रकान्यात गेम हरतो तो मैदानासमोर. टीव्हीसमोर त्याची बरोबरी होते.

मैदानाचेही सरसकट मोल करू नये. एका शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मी मुलाच्या दहा षटकांच्या सामन्यात घड्याळ लावून पाहिले. तो डीप मिडविकेटला, म्हणजे सीमारेषेजवळ, उभा होता. आजूबाजूला आणखी चार-पाच सामने चालू होते, त्यांचे चेंडू मधूनमधून त्याच्या पायाशी येत आणि तो ते परत फेकत असे. आपल्या सामन्यातल्या चेंडूमागे तो पाऊण तासात पाच वेळा धावला, एकदाही गोलंदाजी मिळाली नाही, आणि फलंदाजीला आला तेव्हा तिसऱ्या चेंडूवर त्रिफळाचित झाला. घरी येऊन वहीत "क्रिकेट, दीड तास" लिहिताना पेन थबकला. त्याच आठवड्यात शाळेत पंचवीस मिनिटे खो-खो खेळून तो घामाने निथळून आला होता. साठ मिनिटांच्या हिशेबात ती पंचवीस मिनिटे त्या दीड तासाहून भारी होती.

तरीही तो दीड तास मी हलका धरत नाही, आणि याचे कारण शरीराच्याच रकान्यात आहे. दिवसाउजेडी बाहेर घालवलेला वेळ मुलांना लांबचे दिसण्यासाठी चष्मा लागण्याची शक्यता कमी करतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि त्यासाठी धावावे लागत नाही. उन्हात नुसते उभे असलेल्या क्षेत्ररक्षकालाही तो लाभ मिळतो. ज्या इमारतींच्या खिडक्यांपासून समोरच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर आहे, तेथे वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा लाभ वेगळा मोजलाच पाहिजे. म्हणून शरीराच्या रकान्यात "धावणे" आणि "उजेड" असे दोन आकडे लिहावेत.

निर्णयांचा रकाना

करमणूक निष्क्रिय आहे की सक्रिय, हे शरीरावरून ठरवायचे म्हटले तर बुद्धिबळाला निष्क्रिय म्हणावे लागेल. आणि २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून आलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख तासन्‌तास खुर्चीतून उठल्या नव्हत्या म्हणून त्यांनी काही केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. करणारा आणि पाहणारा यांच्यातला भेद निर्णयात असतो. मी काही केले नाही तरी पुढची गोष्ट घडणारच असेल, तर मी पाहणारा आहे. माझ्या करण्यावाचून ती अडून राहत असेल, तर मी खेळणारा आहे.

हे मोजण्यासाठी मुलाशेजारी दहा मिनिटे बसावे आणि त्याने काही ठरवून केले असे दिसेल तेव्हा कागदावर एक रेघ ओढावी. आमच्याकडे फुटबॉलच्या गेमवर मी हा प्रयोग केला. चेंडू कोणाकडे द्यायचा, धाव घ्यायची की थांबायचे, बचावपटूला पुढे काढायचे की मागे ठेवायचे, असे करत चौथ्या मिनिटाला माझ्या पानावर जागा उरली नाही. मग मुलाने तोच कागद उलटा करून माझ्याजवळ बसून माझ्या दहा मिनिटांची मोजणी केली. मी टीव्हीवर सामना पाहत होतो. त्याच्या कागदावर एक रेघ होती: जाहिरात लागल्यावर मी आवाज कमी केला, ती.

रेघांची संख्या म्हणजे त्यांचा दर्जा, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. काही गेममध्ये बोट सारखे चालते आणि डोके झोपलेले असते. पळत्या पात्राला डावी-उजवीकडे सरकवत राहणे एवढेच काम असते आणि ते शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखेच असते. याउलट १९८४ मध्ये अलेक्सेई पाजित्नोव यांनी तयार केलेल्या टेट्रिसचे नियम दोन वाक्यांत सांगता येतात, पण त्यात आत्ताचा तुकडा कुठे ठेवला यावर पुढच्या दहा तुकड्यांचे भवितव्य ठरते. दर्जा तपासण्याची सोपी कसोटी म्हणजे खेळ संपल्यावर मुलाला विचारावे, "तू हरलास तो कुठल्या चुकीमुळे?" ज्या खेळाबद्दल तो पाच मिनिटे सांगू शकतो, त्यात त्याचे डोके होते. "असाच हरलो" एवढेच उत्तर आले, तर त्या रेघा पुसून टाकाव्यात. हा प्रश्न मैदानावरून आल्यावरही विचारावा.

गेममुळे बुद्धी वाढते, अशा दाव्यांना येथे थोडे आवरावे लागते. सी. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलिए यांनी २००३ मध्ये "नेचर" या नियतकालिकात दाखवून दिले की वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान, म्हणजे नजरेच्या टप्प्यातील अनेक गोष्टींतून नेमकी गोष्ट टिपण्याची क्षमता, न खेळणाऱ्यांहून अधिक असते. हा शोध महत्त्वाचा आहे, परंतु त्यातून मुलाचे गणित सुधारेल असा अर्थ काढणे चूक आहे, जसे रोज कॅरम खेळल्याने भूमिती पक्की होईल असे कोणी म्हणत नाही. जो सराव होतो, तो मुख्यतः ज्याचा होतो त्याचाच होतो.

सोबतीचा रकाना

सोबत कोण होते, एवढे लिहून भागत नाही; नियम कोणी पाळायला लावले, हेही लिहावे. माझ्या मते मैदान आणि गेम यांतला सर्वांत खोल भेद येथे आहे. इमारतीच्या आवारात खेळणारी मुले रोज नव्याने नियम करतात. पार्किंगमध्ये गाड्या वाढल्या की अंडरआर्म गोलंदाजी ठरते, तळमजल्याच्या खिडकीला चेंडू लागला तर फलंदाज बाद, एक टप्पा झेलला तरी बाद, आणि चेंडू गटारात गेला तर ज्याने मारला त्यानेच काढायचा. बूट सुटला तर "टाइम प्लीज" म्हणून खेळ थांबवता येतो. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कच्चा लिंबू. माझी धाकटी मुलगी पाच वर्षांची असताना दादाच्या मागे खाली गेली, तेव्हा कोणीही मोठ्या माणसाने सांगितलेले नसताना मुलांनी तिला कच्चा लिंबू केले. तिच्यावर राज्य यायचे नाही, ती बाद व्हायची नाही, पण तिला खेळातून बाहेरही काढायचे नाही. वर्षभराने तिने स्वतःच जाहीर केले की आता ती पक्की आहे, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा राज्य आले तेव्हा ती रडलीही.

गेममध्येही नवख्याला सांभाळून घेतले जाते, तेथे सोपी पातळी असते, बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधून दिला जातो. पण ते काम यंत्रणा करते. कोणाला सवलत द्यायची, चेंडू रेषेला लागला की नाही, रडीचा डाव खेळणाऱ्याशी उद्या बोलायचे की नाही, यांवर मुलांना भांडावे आणि मिटवावे लागत नाही, कारण नियम आज्ञावलीत लिहिलेले आहेत आणि ते मोडता येतच नाहीत. भांडण मिटवण्याचा सराव ज्या तासात झाला, त्या तासापुढे मी लाल खूण करतो. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर चालणाऱ्या महागड्या शिबिरातही ही खूण क्वचितच पडते, हे ध्यानात घ्यावे.

या रकान्यात गेमच्या बाजूनेही लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. नाशिकला राहणाऱ्या मामेभावाशी आमच्या मुलाचे नाते गणपतीपुरते उरले होते, ते रविवारच्या गेमने पुन्हा जोडले गेले. मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर आवारातल्या मुलांच्या क्रिकेटमध्ये तिला बॅट मिळेनाशी झाली. मैदानात गेली तरी सगळ्या खेळपट्ट्या मुलांनी भरलेल्या असतात. गेममध्ये तिला तिचा डाव मिळतो. हा मैदानाचा दोष आहे आणि तो दूर व्हायला हवा, पण तोवर तिच्या वहीत गेमचा तास ज्या रकान्यात उजवा ठरतो, तेथे तो उजवाच लिहिला पाहिजे. ज्या मुलाला धावता येत नाही किंवा अनोळखी मुलांत बोलवत नाही, त्याच्या घरीही हा रकाना वेगळा भरेल.

शेवट कोण करते

मैदान अंधार पडला की संपते. चेंडू दिसेनासा होतो, मुले "शेवटची ओव्हर" म्हणत आणखी दोन षटके खेळतात आणि घरी जातात. सामना षटके संपली की संपतो. अनेक गेम आणि सगळे छोटे व्हिडिओ मात्र असे घडवलेले असतात की त्यांना अंधार पडत नाही. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, एक दिवस चुकला तर तुटणारी साखळी, हंगामापुरतेच मिळणारे पोशाख, आणि आपोआप सुरू होणारा पुढचा भाग, ही सगळी व्यवस्था थांबण्याची जागा पुसून टाकण्यासाठी असते. चौथ्या रकान्यात "मी ओरडलो म्हणून थांबला" असे आठवड्यात पाच वेळा आले, तर दोष मुलात शोधण्याआधी गेमच्या रचनेत शोधावा.

त्यासाठी प्रत्येक गेमचे एकक ओळखावे. काही गेम पातळ्यांचे असतात आणि पातळी पाच-सात मिनिटांत संपते. काही सामन्यांचे असतात. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या लढाईच्या मोबाइल गेमसारख्या गेममध्ये शंभर जण उतरतात आणि शेवटपर्यंत टिकल्यास एक सामना सुमारे अर्धा तास चालतो. तिसऱ्या प्रकारच्या गेमला एककच नसते, जग बांधत राहायचे असते. पहिल्या दोन प्रकारांत "दहा मिनिटांनी बंद कर" हा हुकूम निरर्थक आहे. बॅट हातात असलेल्या मुलाला आपण षटकाच्या मध्येच जेवायला ओढून आणत नाही. तसेच संघातले तिघे अवलंबून असताना फोन हिसकावणे म्हणजे त्याला त्यांच्यासमोर पळपुटा ठरवणे असते. "हा सामना संपला की जेवण, नवा सुरू करायचा नाही" असे सामना सुरू होण्याआधी सांगितले, तर ते पाळले जाते. तिसऱ्या प्रकाराला मात्र बाहेरून अंधार पाडावा लागतो, आणि त्यासाठी गजर हा ओरडण्याहून चांगला उपाय आहे. सूचना बंद करणे हे पहिल्याच दिवशी करावे. २०२३ मध्ये बीजीएमआय भारतात पुन्हा सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवली गेली. ती शिफारस समजून कोणी घरात लागू करू नये, शाळा असलेल्या मुलासाठी तो वेळ फार आहे.

पैशाचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्यांच्यापासून वेगळी मान्यता दिली. जिंकल्यास पैसे मिळतील असे सांगणारे काहीही मुलाच्या फोनवर दिसले, तर त्याची तुलना करत बसू नये, ते काढून टाकावे.

पाहण्याचे प्रकार

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारी वडीलधारी मंडळी समोरच्या सामन्यातली एकही धाव घेत नाहीत, पण पुढचा चेंडू कसा पडेल याचा अंदाज बांधतात, मुलाच्या पायांची हालचाल चुकते हे शेजाऱ्याला दाखवतात आणि पायचीत होता की नाही यावर वाद घालतात. हे पाहणे निर्णयांच्या अगदी जवळ जाते. सोफ्यावर आडवे होऊन, हातात फोन घेऊन, आरडाओरडा झाला की मान वर करून पाहिलेला सामना वेगळा. स्वतःच्या पाहण्याची परीक्षा घेण्यासाठी मी मुलाबरोबर एक गंमत सुरू केली: प्रत्येक षटकाआधी कर्णधाराने गोलंदाजी कोणाला द्यावी, हे दोघांनी सांगायचे आणि पाचव्या रकान्यात कोण बरोबर ठरले ते लिहायचे. त्या दिवशीचा सामना आम्ही दोघांनी खरोखर पाहिला. गेमच्या व्हिडिओंनाही हीच कसोटी लागते. मुलाने व्हिडिओत पाहिलेली युक्ति नंतर स्वतः करून पाहिली असेल, तर ते शिकणे होते.

त्या तासाला पर्याय काय होता

सगळे रकाने भरल्यावर निकाल काढण्याआधी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक घरे येथेच चुकतात. जुलैतल्या मंगळवारी रात्री आठ वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, मुलाच्या अर्ध्या तासाच्या गेमची तुलना आपण डिसेंबरच्या रविवारी सकाळच्या मैदानाशी करतो. त्या तासाला मैदान उपलब्धच नव्हते. त्याच्याऐवजी मालिका होती, छोटे व्हिडिओ होते, कॅरम होता, किंवा पुस्तक होते. तुलना त्यांच्याशीच करावी, आणि मग गेम कधी पहिला येतो, कधी तिसरा. याउलट जानेवारीत संध्याकाळी साडेपाचला, खालून हाका येत असताना फोनवर गेलेला तास मैदानाशीच ताडून पाहावा, आणि तेथे कोणतीही सवलत देऊ नये. मुंबईत पावसाळा चार महिन्यांचा असतो. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा ज्या शहरात आहे, तेथे पाऊस म्हणजे मैदान बंद असे म्हणणे तितकेसे शोभत नाही; तरी शाळकरी मुलांसाठी त्या महिन्यांत छपराखालचा पर्याय आधीच हेरून ठेवावा. व्यायामशाळेतला मल्लखांब, शाळेच्या सभागृहातला टेबल टेनिस, किंवा दहा-बारा मुलांनी भाडे वाटून घेतलेला तासाभराचा टर्फ (कृत्रिम गवताचे मैदान), यांतले काय आपल्या आवाक्यात आहे ते मे महिन्यातच पाहावे.

वहीतून चिंतेची बाबही दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट आहे. त्याची लक्षणे तासांत मोजलेली नाहीत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व आवडी आणि दैनंदिन कामे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकणे. वहीत पाचवा रकाना महिनोन्‌महिने केवळ गेमनेच भरत असेल, मित्रांची नावे गळत चालली असतील आणि झोप तुटत असेल, तर तुलना थांबवून बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि ती वही सोबत न्यावी.

बाकीच्या घरांत आठवडाअखेर वही मुलाच्या हातात द्यावी आणि आधी त्याला वाचू द्यावे. आमच्याकडे मुलाने पहिल्याच वाचनात सांगितले की गेमचे व्हिडिओ पाहण्यात त्याला काही मिळत नाही, ते तो कंटाळा आला म्हणून पाहतो. ते अर्ध्यावर आणायचे त्यानेच ठरवले. मी सामन्याची मधली षटके पाहणे सोडले आणि त्या वेळात आम्ही दोघे खाली उतरतो. गेमची पाऊण तासाची वेळ तशीच राहिली, फक्त ती दिवेलागणीनंतर गेली. मुलीसाठी आवारात आठवड्यातले दोन दिवस लगोरीचे ठरले, कारण लगोरीत बॅट कोणाच्या हातात हा प्रश्नच येत नाही. नवी वही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा आणि पाऊस दोन्ही सुरू झाल्यावर काढायची आहे, आणि तिचे रकाने या वेळी मुलगी आखणार आहे. "आज कोणाला कच्चा लिंबू केले" असा सहावा रकाना हवा, असे तिने आत्ताच सांगून ठेवले आहे.